जागा अपुरी पडल्यास

फॉर्म चार पानांचा आहे.
नाव: ब्रोन्या. मादी. एकशिंगी.
वय: नऊ वर्षं, पाच महिने.
वजन: सोळाशे ऐंशी किलो,
तेही तिसऱ्या खेपेला; आधी दोनदा तिनं काट्यावरच लीद टाकली.
वंशावळीतला क्रमांक डॉक्टर रात्कोव्स्कींनी भरला.
त्यांना तो तोंडपाठ आहे.
मला नाही.

कुठल्याशा शहरात, कुठल्याशा खोलीत
एक बाई बसते म्हणे.
युरोपभरचे गेंडे तिच्या एका तक्त्यात मावतात.
कुणाचं रक्त कुणाला लांबचं,
कुणाच्या आजोबांची पिल्लं फार झाली,
हे बघून ती रेघ ओढते,
आणि इथं ओद्रा नदीकाठी
एका सकाळी क्रेनवरून निळी पेटी उतरते.
तिचं चुकत नाही. रागानं म्हणत नाहीये मी.
ती रेघ नसती तर ब्रोन्याही नसती;
तिची आई अशाच पेटीतून आली होती.

एकवीस दिवस पेटीचं दार उघडं ठेवलं.
पहिल्या दिवशी फक्त नाक.
मग राईच्या पावाच्या शिळ्या कडा, केळी, अर्धं बीट.
अकराव्या दिवशी पुढचे पाय.
सतराव्या दिवशी ती आत जाऊन चक्क झोपली,
आणि मी बाहेर स्टुलावर बसून राहिले.
विश्वास ठेवायला शिकवणं हे माझं काम.
तो कशासाठी, ते दोघींपैकी एकीलाच ठाऊक होतं.

पान चार. इतर माहिती.
पाच ओळी आखलेल्या, खाली बारीक अक्षरात:
जागा अपुरी पडल्यास मागे लिहावे.

डाव्या मागच्या तळव्याला भेग. रोज रात्री मलम,
बोटांनी. ब्रशनं नाही.
माजावर आली की शीळ घालते,
नवखा माणूस पाइप गळतोय समजून वर बघतो.
रेडिओ चालतो, फुटबॉलची कॉमेंट्री विशेष.
छत्रीला घाबरते.
दोन वर्षांची होती, कुंपणापाशी कुणीतरी फट्कन उघडली;
लोखंडी खांब वाकवला तिनं.
मागची बाजू भरली. मग समास वापरला.
तेव्हापासून सात वर्षं पावसात टोपीवर निभावतेय,
ते मात्र लिहिलं नाही.
तो रकाना नव्हता.

वॉउटर नावाचा ड्रायव्हर, मोठ्या पोटाचा, हलक्या हाताचा.
पेट्रोलपंपावर कुणी विचारलं आत काय,
तर पियानो म्हणून सांगतो.
सोबत दोन पोती दिली, तिचीच लीद:
नव्या गोठ्यात आधीच पसरायची,
म्हणजे तिला वाटेल
आपण इथं येऊन गेलोय.
मालाच्या यादीत पोत्यांसमोर लिहिलंय,
किंमत: शून्य.

गाडी हलली तेव्हा आतून एकदाच आवाज आला,
शिंग लाकडावर घासल्याचा.
डॉक्टर म्हणाले, हालिना, घरी जा.
मी गोठा धुतला.

मार्चमध्ये तिकडच्या फेमकेचं पत्र आलं.
पहिल्या भेटीत नरानं ब्रोन्याला तासभर पळवलं,
हिनं त्याचा कान फाडला.
दुसऱ्या भेटीचं तिनं एकाच शब्दात उरकलंय: बरी.
गाभण आहे का, इतक्यात सांगता येणार नाही.
मलम बोटांनीच लावते.
कॉमेंट्री डचमध्ये आहे, तक्रार नाही.
आणि हो,
छत्रीला घाबरत नाही.
इथं रोजच पाऊस, सगळे छत्र्या घेऊनच येतात,
ती नुसती बघते.

त्या संध्याकाळी झिमझिम होती.
मी टोपी चढवून निघाले.
गोठ्यापर्यंत पोचेतो खांदे भिजले होते.
खांब अजून वाकलेलाच आहे,
दुरुस्तीचा अर्ज मीच दर वर्षी मागे ठेवते.

मे महिन्यात इथं एक नर येतोय.
त्याचा फॉर्म टेबलावर पडलाय, नीट टंकलेला.
पान चार, इतर माहिती: काही नाही.

उलटून पाहिलं.
मागेही कोरं.